शटरवरची थाप

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पोचले, दुकान लागलं आणि अजून जिवंत आहे. यातलं शेवटचं खास तुझ्यासाठी.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझ्या ग्रंथालयातल्या पोरांनी फोडून वाचलं नाही म्हणजे मिळवली. घरी फोन केला की आईला ऐकू यावं म्हणून तू आवाज मोठा करतेस, आणि मेसेज पाठवला तर चष्मा लावून तुझ्याआधी तीच वाचते. तिला मी सांगितलंय की दुकान मोठ्या रस्त्यावर आहे, शेजारी बँक आहे आणि समोर पोलीस चौकी आहे. तिन्ही थापा. दुकान मुख्य चौकामागच्या गल्लीत आहे. चौकातली अर्धी दुकानं रिकामी, काचांवर जुने कागद चिकटवलेले. शहरातली माणसं आता बाहेरच्या मोठ्या बाजारात गाडी घेऊन जातात. मध्यवस्तीचं नाव काढलं की लोक पर्स घट्ट धरतात, म्हणून तर मला ही जागा परवडली.

जागा लहान आहे, पण माझ्यापुरती पुष्कळ. मागच्या भिंतीला फळ्या ठोकल्या, त्यावर बाबांची हत्यारं तशीच्या तशी लावली. सगळ्यात लहान स्क्रू ड्रायव्हर डावीकडे, तेलाची कुपी उजवीकडे. पहिल्याच आठवड्यात चार शिलाई मशीन आली. एकाचं शटल इतकं गंजलं होतं की बाबा असते तर गिऱ्हाइकाला दारातच झापलं असतं. मी नुसतं मनातल्या मनात झापलं. गिऱ्हाईक टिकवायचं आहे.

एक गोष्ट सांगते, घाबरू नकोस. म्हणजे तू घाबरणारच, पण आईसमोर चेहरा सरळ ठेव. इथे सहालाच अंधार पडतो. सातच्या सुमारास मी शटर अर्धं ओढून एका मशीनची सुई बदलत होते, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी शटरवर धाडकन थाप मारली. एकच. मी "कोण आहे?" म्हणाले तशी पावलं पुढे गेली. गल्लीतली टवाळ पोरं असतील. पण चिमट्यातली सुई कुठे उडाली ती अजून सापडलेली नाही. चप्पल घातल्याशिवाय फिरत नाही मी.

तुझी ठकू


९ नोव्हेंबर

ठके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. टवाळ पोरं म्हणे! त्याला चाचपणी म्हणतात. आत कोण आहे, बाई आहे की पुरुष, एकटी आहे की दुकटी, हे आधी बघून ठेवतात. तू "कोण आहे" म्हणालीस म्हणजे झालं त्यांचं काम. आवाजावरून कळलं बाई आहे.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालच एक व्हिडिओ आला. असंच शटर, अशीच गल्ली. मी पूर्ण बघू शकले नाही. ह्यांनी बघितला आणि जेवताना सगळा सांगितला, ते तर अजून वाईट.

आता मी सांगते ते मुकाट्याने ऐक. बाबा गेल्यापासून तुझ्यावर ओरडायचा हक्क माझ्याकडे आला आहे. कोणी शटर वाजवलं तर ओ द्यायची नाही. दिवा घालवायचा आणि गप्प बसायचं, आत कोणी नाही असंच त्यांना वाटलं पाहिजे. शेजारपाजारच्यांशी बोलणं वाढवायचं नाही. कुठे राहतेस, कुठल्या बसने जातेस, कोणाला काही सांगायचं नाही. अर्धं शटर बिलकूल नको, पूर्ण खाली. गल्ली निपचित झाली की मगच निघायचं.

आमच्याकडे बघ. गेटवर रखवालदार, जिन्यात कॅमेरे, ग्रुपवर सगळे जागरूक. कोणाच्या दारात अनोळखी माणूस दिसला की दोन मिनिटांत सगळ्यांना कळतं. आई दिवसभर एकटी असते, पण मी शाळेत निर्धास्त असते. तुझ्यासाठीच जीव टांगणीला लावून बसले आहे मी.

ताई


२० नोव्हेंबर

प्रिय ताई,

मी तुझी चेष्टा करणार होते. आता करत नाही.

रोज वाजतं. रोज, ताई. दुकानं बंद व्हायच्या वेळेला गल्लीच्या टोकाकडून आवाज येत येत जवळ येतो. एक शटर पडतं, थाप बसते, काहीतरी ठकठक होतं. मग पुढचं. मग माझं. तू सांगितलंस तसं मी दिवा घालवते आणि स्टुलावर पाय वर घेऊन बसते. थाप मारून तो माणूस जात नाही. थांबतो. पुन्हा एकदा मारतो. त्याचा श्वास ऐकू येतो मला. आत मशीन पुसायच्या रॉकेलचा वास इतका कोंडतो की डोकं भणभणतं, म्हणून खाली वीतभर फट ठेवते. परवा त्या फटीतून टॉर्चचा उजेड आत आला. जमिनीवरून सरकत सरकत माझ्या स्टुलाच्या पायापर्यंत आला आणि थांबला. मी तोंडावर हात धरून बसले होते.

समोर तिरक्याला एक बूट दुरुस्त करणारा आहे. साठीचा असेल, धिप्पाड, एका डोळ्यात फूल पडलेलं, आवाज असा की साधं "चहा सांग" म्हणाला तरी भांडतोय असं वाटावं. हा माणूस माझ्या पायांकडे बघतो. मी गल्लीत शिरले की आधी पाय, मग चेहरा. मी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं आहे. शेजारी एक किल्ल्या बनवणारी बाई आहे, ती बरी वाटते. पण तुझं ऐकून तिच्याशीही फक्त मान हलवते.

आता मुख्य सांगते. गल्ली शांत झाली म्हणून मी बाहेर पडते तर गल्लीतल्या दिव्याखाली एक माणूस उभा असतो. कानटोपी, गळ्याभोवती मफलर, चेहरा दिसत नाही. मी कुलूप लावेपर्यंत तो हलत नाही. मी चालायला लागले की तोही चालतो, मध्ये वीसेक पावलं ठेवून. मी थांबले की तो थांबतो. बसथांब्यावर पलीकडच्या भिंतीला टेकून उभा राहतो. बस आली, मी चढले, काचेतून बघितलं तर बस हलेपर्यंत तिथेच होता. मग मागे वळला.

गेले चार दिवस हेच चाललं आहे. उशिरा निघते म्हणून तो उशिरापर्यंत थांबतो की काय कळत नाही. आज एका बाईच्या मशीनचा पट्टा बसवताना मला तो कुठून कुठे जातो हेच आठवेना. बाबांनी मला तो डोळे मिटून लावायला शिकवला होता.

ठकू


२५ नोव्हेंबर

ठके,

पत्र मी ग्रंथालयात उभ्यानेच तीनदा वाचलं. पोरं म्हणाली, मॅडम, पाणी आणू का.

तो तुझी बस बघून ठेवतो आहे. कुठली बस, किती वाजता, सोबत कोणी असतं का. तो चढत नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस, चढायचा दिवस त्याने ठरवला असेल. आणि तो पायांकडे बघणारा मेला! तुला अजून कळत नाही का, की कानटोपीवाला तोच आहे? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, पोलिसात जा. पण कोणाचं नाव सांगणार तू, आणि तक्रार केली हे त्यांना कळलं तर?

परत ये. मशीन ट्रकमध्ये घाल आणि ये. हट्ट सोड. बाबांची हत्यारं इथेही भिंतीवर लागतील. येईपर्यंत दिवसासुद्धा शटर अर्धं ठेव. आणि कोणी हात घालायचा प्रयत्न केला तर दयामाया नको, तुझ्या हातात ताकद आहे, ती वापर. लहानपणी माझं बोट दारात चेंगरलं होतंस ते आठव आणि तेवढाच जोर लाव.

आई बरी आहे. थंडीने गुडघे धरलेत म्हणून पडून असते, एवढंच. तू फोन केलास तेव्हा झोपली होती. तिची काळजी नको करूस, तुझं बघ.

ताई


४ डिसेंबर

ताई,

काल घडलं. अक्षर वाईट येतंय, समजून घे.

एक जुनं जड मशीन टेबलापासून सोडवत होते, ते हातातून सुटलं. जमिनीवर केवढा धमाका झाला. पायावर पडता पडता वाचलं. मी ओरडले, "आई गं!" आणि तेवढ्यात बाहेर थाप. मी दिवा घालवला. पुन्हा थाप, मग पुन्हा, या वेळी जोरात. कोणीतरी काहीतरी म्हणत होतं पण माझ्या कानात माझंच काळीज वाजत होतं. मग फटीतून बोटं आत आली. चार बोटं, जाड, काळी. त्यांनी शटरची खालची पट्टी धरली आणि शटर वर जायला लागलं.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आतलं हँडल धरून लोंबकळले आणि पट्टीवर पाय देऊन उभी राहिले. सगळं वजन टाकलं. मोडल्याचा आवाज आला, ताई. बाहेरून एक ओरडणं आलं, मोठ्या माणसाचं असं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी पाय काढला, हात गेला, मी शटर टेकवून कडी घातली. बाहेर बरीच माणसं जमली. एक बाई शटर बडवत होती. मी उघडलं नाही. किती तरी वेळाने सगळे गेले. दिव्याखाली कोणी नव्हतं. मी धावत थांब्यावर गेले.

आज त्या बूटवाल्याचं दुकान बंद आहे. म्हणजे तोच होता. तू म्हणत होतीस तेच खरं.

मला हायसं वाटायला हवं ना? पट्टीवर काळपट रक्त होतं. मी ते रॉकेलने पुसलं.

ठकू


८ डिसेंबर

माझी वाघीण ती!

पत्र वाचून आधी रडले, मग देवाचे आभार मानले, मग तुझा इतका अभिमान वाटला की मला गप्प बसवेना. ग्रुपवर लिहिलं. तुझं नाव नाही घातलं, पण चौकामागची गल्ली आणि शटर सगळं लिहिलं, बाकीच्या मुलींनी सावध राहावं म्हणून. ठके, तीनशे लोकांनी पुढे पाठवलं! दुसऱ्या ग्रुपवरून ते परत माझ्याकडेच आलं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, अशी पोर प्रत्येक घरात असो. त्यांनी आईला येऊन ते मोठ्याने वाचून दाखवलं, ती मुलगी कोण हे न कळता. आई म्हणाली, "बिचारी पोर. माझी ठकी असल्या भागात नाही, तिच्यासमोर पोलीस चौकी आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला, हसू की रडू कळेना.

आता तरी ये. त्याची माणसं सूड घेतील. तो बोटं घेऊन गप्प बसणार आहे का?

ताई


१५ डिसेंबर

ताई,

ते ग्रुपवरचं काढून टाक. निघत असेल तर आजच काढ.

चौथ्या दिवशी दुपारी किल्लीवाली माझ्या दुकानात आली. मी उठून उभी राहिले, हातात हातोडी होती. तिने हातोडीकडे बघितलं आणि स्टुलावर बसली.

"दोन बोटं मोडलीत त्यांची," ती म्हणाली. "उजव्या हाताची. बूट शिवणाऱ्या माणसाची उजव्या हाताची बोटं."

"त्यांनी शटर उचललं," मी म्हणाले.

"उचलणारच. आत धाडकन काहीतरी पडलं, तुम्ही किंचाळलात, आणि वाजवलं तर उत्तर नाही. मी असते तर मीही उचललं असतं."

"कसलं उत्तर?"

 मग तिने हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याने टेबलावर एकदा ठोकलं, थांबली, आणि दोनदा ठोकलं. "एकदा आमचं, दोनदा तुमचं. रोज ऐकता ना? निघणारा पुढच्याचं शटर वाजवतो. आतल्याने दोनदा वाजवायचं, म्हणजे मी ठीक आहे. मग पुढे जायचं. उत्तर आलं नाही तर थांबायचं."

माझ्या या दुकानात, ती म्हणाली, आधी एक घड्याळं दुरुस्त करणारे होते. त्यांच्याही आधी, पलीकडच्या दुकानात एक चष्मेवाले. चष्मेवाल्यांना शटर ओढल्यावर आतच झटका आला. रात्रभर पडून होते. भिंतीपलीकडे माणसं होती, सगळ्यांना वाटलं गेले असतील घरी. सकाळी शटर उघडलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून गल्ली हे वाजवते. चोराबिरासाठी नाही, ताई. इथे त्यांना चोराची भीती वाटतच नाही. कोणाला न कळता पडून राहायची भीती वाटते.

"मला कोणी सांगितलंच नाही," मी म्हणाले.

"आम्हाला वाटलं जागा देणाऱ्याने सांगितलं असेल. त्याला वाटलं आम्ही सांगू. आणि तुम्ही बोलता कुठे कोणाशी? पहिल्या दिवशी मी नमस्कार केला तर तुम्ही कुलूप ओढून बघितलंत."

ती कानटोपीही बूटवाल्यांचीच. मफलरही त्यांचाच. आत दिवा जातो, माणूस बाहेर येत नाही, त्यांनी वाजवलं, फटीतून टॉर्च लावला तरी उत्तर देत नाही, म्हणून ते समोर उभे राहायचे. एवढ्या उशिरा एकटी पोर निघते म्हणून मागे मागे थांब्यापर्यंत यायचे. जवळ आले तर मी घाबरेन म्हणून वीस पावलं मागे राहायचे. मी त्यांना घाबरून उशिरा निघत होते आणि मी उशिरा निघते म्हणून ते घरी जात नव्हते. त्यांच्या बायकोचं जेवण रोज गार व्हायचं. पायांचं विचारलं मी किल्लीवालीला. ती म्हणाली, "अहो, ते सगळ्यांच्याच पायांकडे बघतात. बूटवाले आहेत ते. माझा चेहरा त्यांना नीट आठवत असेल की नाही शंका आहे."

मी हसले, आणि मग मला हुंदकाच फुटला. तिने मला जवळ घेतलं नाही. उठून गेली.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं की हातोडा लागला. माझं नाव घेतलं नाही.

मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "ते झोपलेत." आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी बाबांच्या वयाच्या माणसाच्या दारातून तशीच परत फिरले.

आणखी एक. आता संध्याकाळी थाप माझ्या शटरवर बसत नाही. किल्लीवाली निघते, माझ्यासमोरून जाते, आणि माझ्या पुढचं दुकान वाजवते. मी आत बसून ऐकते. मला थापेची जितकी भीती वाटायची तितकी आता तिच्या न येण्याची वाटते. इथे मी पडले तर कोणाला कळणार नाही. मी स्वतःच तशी सोय करून ठेवली आहे.

आणि तुझ्या त्या लिहिण्यामुळे गिऱ्हाइकं घटलीत. काल एक बाई चौकातूनच फोन करून म्हणाली, तुमच्या गल्लीत म्हणे बायकांवर हल्ले होतात, मशीन तुम्हीच बाहेर आणून द्या. सगळ्या गल्लीचंच गिऱ्हाईक घटलं आहे, ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं.

ठकू


२२ डिसेंबर

ठकू,

ग्रुपवरचं काढलं. खरं काय झालं तेही लिहिलं. कोणी पुढे पाठवलं नाही. एकाने विचारलं, "तुम्हाला धमकी आली आहे का?" काल तीच गोष्ट माझ्याकडे पुन्हा फिरून आली. आता त्यात पाच माणसं आहेत आणि सुरा आहे. मी वाचत बसले आणि, खरं सांगू, मलाच भीती वाटली. मीच लिहिलेली गोष्ट आणि मलाच.

तुझ्यापासून एक लपवलं होतं. आता लपवून ठेवायचं तोंड राहिलं नाही.

आईचे गुडघे नाही दुखत. ती २३ नोव्हेंबरला बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी शाळेत, हे गावाला गेलेले. तिने आतून कडी घातली होती, मीच तिला सांगितलं होतं की घरात एकटी असताना सगळ्या कड्या लावत जा. फोन बाहेर. ती तांब्या घेऊन भिंतीवर आपटत राहिली. शेजारच्या बाईंना ऐकू गेलं. ऐकू गेलं, ठकू. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "भिंतीवर कोणीतरी ठोकतंय, काहीतरी विचित्र आहे, दारं उघडू नका." मी ग्रंथालयात बसून ते वाचलं. कुठली भिंत, कोणाची, मी विचारलंसुद्धा नाही. मी खाली लिहिलं, "सगळ्यांनी कड्या लावून घ्या." आईला फोन केला, उचलला नाही. म्हटलं झोपली असेल. आणि पोरांची पुस्तकं नोंदवत बसले.

मी घरी पोचले तोवर तिचा आवाज बसला होता. हातातला तांब्या सोडत नव्हती.

ती आता अंथरुणात आहे, वॉकर आणला आहे. तुला त्रास नको म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला ते "कड्या लावून घ्या" कोणाला दाखवायचं नव्हतं. आणि दोनच दिवसांनी मी तुला लिहिलं की दयामाया नको. त्या माणसाची बोटं मोडण्यात माझाही पाय होता, ठकू. तू एकटी नव्हतीस त्या पट्टीवर.

मी तुला आता काहीच सांगत नाही. तुला योग्य वाटेल ते कर.

ताई


५ जानेवारी

प्रिय ताई,

रविवारी मी येते आहे आईला बघायला. तिला आधी काही सांगू नकोस, आणि बाथरूमची कडी मी येईपर्यंत काढून ठेव. नाही निघाली तर मी हत्यारं आणते आहे.

तुझ्यावर ओरडायला मी पत्र लिहायला बसले होते. चार ओळी लिहून फाडलं. आई तांब्या आपटत होती, आणि मी त्या आठवड्यात रोज शटरमागे तोंड दाबून बसत होते. कोणी कोणावर ओरडायचं?

बूटवाले दोन आठवड्यांपासून दुकानात येतात. हाताला प्लास्टर आहे. बायको सोबत असते, ती धागा ओढते आणि ते बूट डाव्या हाताने धरतात. त्यांचं चामडं शिवायचं जुनं मशीन पडून होतं, बिघडलेलं. मी विचारलं, नीट करून देऊ का. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घेऊन जा."  त्याचं दाते झिजलेलं चाक बदललं, तेल घातलं, परत नेऊन ठेवलं. ते चालवून बघितलं बायकोनेच.

त्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी दुकान बंद केलं. गल्ली ओलांडली आणि त्यांच्या शटरवर थाप मारली. आत दिवा होता. बायको दुपारीच गेली होती. उत्तर आलं नाही. किल्लीवालीने सांगितलं होतं तेच केलं, थांबले. पुन्हा वाजवलं नाही, पलीकडे दिव्याखाली जाऊन उभी राहिले. थंडी होती म्हणून बाबांची कानटोपी घातली होती.

बऱ्याच वेळाने शटर थोडं वर गेलं आणि ते वाकून बाहेर आले. मी दिसले. माझा चेहरा त्यांना अंधारात दिसत नसणार, त्या डोळ्याने तर नाहीच. त्यांनी प्लास्टरचा हात पटकन छातीशी घेतला आणि दुसऱ्या हाताने तो झाकला. एवढा धिप्पाड माणूस, ताई, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मला घाबरला. ती भीती मी ओळखली, ती माझीच होती. मला पुढे जाऊन "मी आहे" म्हणायचं होतं, पण जवळ गेले असते तर त्यांनी आणखी अंग चोरलं असतं. म्हणून मी जागची हलले नाही.

ते चालायला लागले. मी मागे राहिले, वीस पावलं. ते थांबले की मी थांबले. त्यांची बस माझ्या बसच्या उलट्या बाजूला लागते, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे रोज मला सोडून ते एवढं सगळं परत चालत यायचे. ते बसमध्ये चढले. बस हलेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी काचेतून बघितलं.

असं मी आठवडाभर केलं. रोज थाप मारली, रोज आतून काही आलं नाही, रोज थांब्यापर्यंत गेले. किल्लीवाली बघायची आणि आपल्या कामाला लागायची.

काल मला काम होतं म्हणून उशीर झाला. अर्ध्या शटरमागे बसून मी एका मशीनचे टाके जुळवत होते. गल्लीच्या टोकाकडून आवाज येत होता. किल्लीवालीचं शटर पडलं. मी मान वर केली नाही, आपल्याला ओलांडून जाणार हे माहीत होतं.

माझ्या शटरवर थाप बसली.

हलकी होती, तिरपी, डाव्या हाताची. आणि माझं काय झालं माहीत आहे? माझा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे गेला. इतकं सगळं होऊनही. बोट बटणावर ठेवून मी बसले होते. बाहेर पावलं हलत नव्हती. तो श्वास मला ऐकू येत होता, आणि त्यांनाही माझा ऐकू येत असेल.

मग मी हातातल्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने शटरवर वाजवलं. दोनदा.

पावलं पुढच्या दुकानाकडे गेली.

तुझी ठकू